शब्दचर्चा : ‘इंडी’ भूमिकाखेळ म्हणजे स्वतंत्र, स्वयंप्रकाशित की स्वाधीन?

विचारणा

टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायच्या भूमिकाखेळाची (रोल-प्लेइंग गेमची, म्हणजे आरपीजीची; यात प्रत्येक जण एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो) एक पुस्तिका मी लिहून पूर्ण केली आहे. मजकूर माझा, मांडणी माझी, पीडीएफ विकायला ठेवणारही मीच. मुखपृष्ठावर ‘इंडी’साठी (इंग्रजी ‘इंडिपेंडंट’चं लघुरूप) मराठी शब्द हवा होता, म्हणून ‘स्वतंत्र भूमिकाखेळ’ असं लिहिलं. कच्ची प्रत वाचणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, “म्हणजे हा कशावर बेतलेला नाही ना?”

बेतलेला आहे. २०१० मध्ये आलेल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या इंग्रजी भूमिकाखेळाचा घाट, म्हणजे नियमांची रचना, मी घेतला आहे. दोन फासे टाकायचे. बेरीज दहा किंवा वर आली तर हवं ते साधतं, सात ते नऊ आली तर साधतं पण काहीतरी मोजावं लागतं, सहा किंवा खाली आली तर गोष्ट बिघडते. हे सगळं उघड सांगायचं आहे, लपवायचं नाही. मग ‘स्वतंत्र’ शब्द चुकतो का?

प्रतिसाद १

चुकतो. साहित्याला लावलेलं ‘स्वतंत्र’ हे विशेषण मराठीत सगळ्यात आधी ‘अनुवादित नाही, रूपांतरित नाही, कशावर आधारित नाही’ एवढंच सांगतं. ‘स्वतंत्र नाटक’ म्हटलं की कथानक लेखकाचं स्वतःचं, हे कळतं. पैसे कुणी घातले, हक्क कुणाकडे, हे प्रश्न मनातही येत नाहीत.

आणि इंडी भूमिकाखेळांची परंपरा तर उसनवारीचीच आहे. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’च्या कर्त्यांनी, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांनी, आपला घाट इतरांना वापरू दिला. त्यातून ‘पॉवर्ड बाय द अपोकॅलिप्स’ म्हणवणाऱ्या खेळांचं कुटुंबच तयार झालं. जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’चं मूळही तिथे सापडतं, आणि त्या खेळाने पुढे ‘फोर्ज्ड इन द डार्क’ ही स्वतःची शाखा काढली. ‘स्वतंत्र’ म्हटलं तर यातले कितीतरी खेळ दाराबाहेर राहतील. ‘स्वयंप्रकाशित’ लिहा, प्रश्न मिटला.

प्रतिसाद २

मिटला नाही. ‘स्वयंप्रकाशित’ने पुस्तक बाजारात कसं आलं ते कळतं, ते कुणाचं आहे हे कळत नाही. भूमिकाखेळांच्या जगात ‘इंडी’चा अर्थ ठरवून घेतला गेला तो मालकीवरून. रॉन एडवर्ड्स आणि त्यांच्या सोबत्यांच्या ‘द फोर्ज’ या संकेतस्थळावर (ते २०१२ मध्ये बंद झालं) यावर मोठा खल झाला होता. ज्याने खेळ रचला त्याच्याच हातात त्याची मालकी आणि त्याचे निर्णय असतील तर तो इंडी, मग खप शंभर प्रतींचा असो की लाखभर. उलट, छोट्याशा प्रकाशनाने लेखकाकडून सगळे हक्क विकत घेऊन काढलेला खेळ या अर्थाने इंडी नाही, तो कितीही साधा दिसला तरी.

माझ्या दृष्टीने हाच भेद जपण्यासारखा आहे. चित्रकाराला मानधन देऊन चित्र काढून घेतलं, तर मूळ चित्र कुणाचं, दुसऱ्या आवृत्तीत ते वापरता येईल का, हे प्रश्न तिथूनच सुरू होतात. मानधन हे कामाचं, स्वामित्वधन (रॉयल्टी) हे मालकीचं. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

प्रतिसाद ३

मालकीच दाखवायची असेल तर शब्द आपल्या पुस्तकांच्या श्रेयपानावरच छापलेला आहे : ‘सर्व हक्क स्वाधीन’. म्हणून ‘स्वाधीन भूमिकाखेळ’. विरुद्धार्थी ‘पराधीन’ही तयार आहे.

प्रतिसाद १

‘स्वाधीन’ला काटा आहे. नुसतं वापरलं तर ‘स्वतःच्या ताब्यात’. पण षष्ठी लावून ‘करणे’ जोडलं की नेमकं उलट होतं. ‘चोराला पोलिसांच्या स्वाधीन केलं’ म्हणजे देऊन टाकलं. उद्या कुणी लिहिलं, ‘लेखिकेने आपला स्वाधीन खेळ वितरकाच्या स्वाधीन केला’, तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

प्रतिसाद ३

ते वाक्य मला शब्दाच्या बाजूनेच बोलतंय असं वाटतं, कारण वितरणात नेमकी हीच रेघ सांभाळावी लागते. वितरकाकडे प्रत ‘देणं’ वेगळं आणि खेळ त्याच्या ‘स्वाधीन करणं’ वेगळं. ड्राइव्हथ्रूआरपीजी या ऑनलाइन दुकानात फक्त तिथेच विकायचं कबूल केलं तर प्रकाशकाला विक्रीतला जास्त वाटा मिळतो. इच डॉट आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात, दुकानाला किती वाटा द्यायचा ते विकणारा स्वतः ठरवतो, अगदी शून्यसुद्धा. दोन्हीकडे खेळ तुमचाच राहतो, पण पहिल्या कबुलीत कुठे विकायचं हा एक निर्णय तुम्ही सोडून देता. ‘वितरक’ लिहायचं तिथे कुणी ‘प्रकाशक’ लिहू नये, एवढं मात्र आवर्जून सांगेन.

विचारणा करणारी

‘स्वाधीन’ मला पटतोय. पण त्याच पानावर परवान्याचा मजकूर टाकायचा आहे आणि तिथे ‘परवाना’ शब्दच खटकतो. आपल्या कानाला परवाना म्हणजे कुणीतरी दिलेला आणि कधीही रद्द होऊ शकणारा कागद.

प्रतिसाद २

ती भीती खरी ठरता ठरता राहिली आहे. २००० साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने आपल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध भूमिकाखेळाच्या नियमांसाठी ओपन गेम लायसन्स, म्हणजे ते नियम इतरांना वापरू देणारा परवाना, आणला. त्यात ‘कायमस्वरूपी’ या अर्थाचा शब्द होता, ‘रद्द न करता येणारा’ या अर्थाचा नव्हता. दोन्ही एकच, असं समजून असंख्य छोट्या प्रकाशकांनी वीसहून अधिक वर्षं त्यावर आपलं काम उभं केलं. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला, त्यात जुना परवाना यापुढे अधिकृत नाही असं म्हटलं होतं, आणि लोक हादरले. मोठा विरोध झाल्यावर त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने जुना परवाना जसाच्या तसा ठेवला आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली (श्रेय देऊन कुणीही वापरावं असा परवाना) खुले केले. तो परवाना मागे घेता येत नाही. म्हणून ‘परवाना’ ठेवा, पण त्याला जोडून ‘कायमचा आणि रद्द न होणारा’ असं दोन्ही लिहा. एकात दुसरं गृहीत धरू नका.

शिवाय ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे आपल्याकडे सुटे आहेत, त्याचा फायदा घ्या. नियम मुक्त असू शकतात आणि पुस्तिका विकत. ‘हवं तितकं द्या’ या पद्धतीसाठी ‘स्वेच्छामूल्य’ चांगला.

प्रतिसाद १

वर ‘पाचवी आवृत्ती’ आलं म्हणून. मराठीत ‘पाचवी आवृत्ती’ वाचलं की पुस्तक खपलं एवढंच वाटतं, कारण पुनर्मुद्रणालाही आपण सर्रास आवृत्ती म्हणतो. भूमिकाखेळात आवृत्ती म्हणजे नियम बदलले, जुनं पुस्तक घेऊन नव्या टेबलावर बसता येईलच असं नाही. आयएसबीएनचाही (पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचाही) हाच दंडक : मजकुरात मोठा बदल झाला तर नवा क्रमांक, तेच पुन्हा छापलं तर जुनाच. मागणीनुसार एकेक प्रत छापून घेणार असाल तर दुरुस्त केलेल्या शुद्धलेखनाला आवृत्ती म्हणू नका.

विचारणा करणारी

एक गोष्ट लिहायला बसल्यावर लक्षात आली. खेळाचे नियम मी खुले करणार, मग ‘सर्व हक्क स्वाधीन’ तसंच्या तसं छापता येणार नाही, कारण काही हक्क मी स्वतःहून वाटतेय. मालकी राहते, ‘सर्व’ जातं. श्रेयपान आता असं झालंय :

‘स्वाधीन भूमिकाखेळ. मालकी लेखिकेकडे. खेळाचा घाट “अपोकॅलिप्स वर्ल्ड”वर बेतलेला. नियमांचं प्रकरण क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ४.० खाली, कायमचं, रद्द न होणाऱ्या परवान्याने खुलं. कथा आणि इतर मजकूर यांचे हक्क स्वाधीन. चित्रं चित्रकाराच्या मालकीची, या आवृत्तीपुरती परवानगीने. पहिली आवृत्ती, पहिलं मुद्रण.’

‘चित्रं चित्रकाराच्या मालकीची’ ही ओळ काल नव्हती. चित्रकाराला विचारून आज घातली.