बी-४०२ ची नात जुलैत येतेय

(विश्रामबाग, सांगली. सोसायटीचा ग्रुप. मे अखेरचा एक शनिवार.)

बी-४०२ काकू, रात्री ८.४०
सगळ्यांना नमस्कार. मेसेज मोठा आहे, घरचे समजून लिहितेय. आमचा थोरला, सूनबाई आणि दोन्ही मुलं न्यू जर्सीहून कायमची सांगलीला येतायत. त्याची नोकरी मेच्या पहिल्या आठवड्यात गेली. एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी सुटली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर आवरायचं. म्हणजे जुलैच्या सुरुवातीला सगळे इथे.

मला आनंद झालाय, खोटं कशाला बोलू. पण नातीचं काय करावं ते सुचत नाहीये. ती मिरजेत जन्मली, दोन वर्षांची असताना गेली. ऑगस्टमध्ये सोळा पूर्ण होतील. गेल्या रविवारी फोनवर मी सहज म्हणाले, "बाळा, परत येतेयस ना, बघ आपण किती मजा करू." तर ती शांतपणे म्हणाली, "आजी, बाबा परत येतायत. मी कुठे परत येतेय? मी घर सोडून जातेय." माझ्या तोंडून पुढे शब्द फुटला नाही.

तिला सांगली माहितीये ती २०१९ च्या पुरातली. तेव्हा आम्ही गावभागात राहायचो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि थोरला रोज रात्री व्हिडिओ कॉल करून "पाणी कुठपर्यंत आलं" एवढंच विचारायचा. ती नऊ वर्षांची पोर त्याच्या मांडीवर बसून ते सगळं बघत होती. परवा विचारत होती, तुमच्या नव्या घरात पाणी येतं का.

ए-४०१ काका, रात्री ८.५२
वहिनी, उत्तम बातमी. खरं सांगू, मुलीच्या जातीला हेच वय आपल्या माणसांत असावं. तिकडच्या वातावरणापेक्षा इथे चार संस्कार होतील. सहा महिन्यांत रुळेल बघा.

बी-४०२ काकू, रात्री ८.५८
भावोजी, तुमच्या मनात वाईट काही नाही हे मला माहितीये. पण हे वाक्य तिच्यासमोर कुणी बोलू नये म्हणूनच हा मेसेज लिहिला. ती काही बिघडली म्हणून येत नाहीये. रोज सकाळी सातच्या आत स्कूल बसला उभी राहणारी, धाकट्याला दुपारी खायला करून घालणारी मुलगी आहे. बापाची नोकरी गेली, त्यात तिचा काय दोष?

ए-४०१ काका, रात्री ९.०१
चुकलं माझं. लक्षात ठेवतो.

सेक्रेटरी, रात्री ९.०३
मध्येच लिहितो, माफ करा. उद्या सकाळी १० ते १ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवावे. काकू, अभिनंदन. दोन गाड्यांचं पार्किंग लागणार असेल तर आधी सांगा.

सी-१०१ आबा, रात्री ९.१५
ताई, पोरगी बोलली ते खरं बोलली. मी सांगतो आमचं. तुम्हाला म्हाईतच आहे, आम्ही विट्याकडचे. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेला. माझं दुकान मदुराईत होतं. थोरला तिथंच वाढला, सातवीपर्यंत. मग माझी आई अंथरुणाला खिळली म्हणून आम्ही विट्याला आलो. देश तोच, तरी त्याला परदेशच की. घरात मराठी बोलायचा, पण झोपेत तमिळ बडबडायचा. शाळेत पोरं "ए मद्रासी" म्हणायची. मी त्याला म्हणायचो, अरे हे तुझं गाव आहे. तो म्हणायचा, तुमचं गाव आहे.

एकदा हळदीचं काम होतं म्हणून त्याला घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात आलो. सेलमकडचा एक ट्रक लागला होता. मी बिलाच्या खिडकीवर, आणि मागं वळून बघतो तर पोरगं गायब. शोधलं तर ट्रकखाली सावलीला ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधी बसून त्यांच्या डब्यातला भात खात होतं, आणि बोलत होतं, हसत होतं. आठ महिन्यांत त्याला तसं हसताना मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं, आपण ह्याचं काय काढून घेतलंय. पुढं दर महिन्याला त्याला यार्डात आणायचो. काम असू दे नाहीतर नसू दे.

बी-४०२ काकू, रात्री ९.२४
आबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

सी-१०१ आबा, रात्री ९.२५
कुणी इच्यारलंच नाही कधी. आता तो बेचाळीस वर्षांचा आहे. अजून फोनवर आकडे तमिळमधी मोजतो.

ए-२०३ ताई, रात्री ९.३१
काकू, मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते म्हणून कागदांचं आधी सांगते. ते तिथून निघायच्या आतच करून घ्यायला हवेत.

तिथे आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला मिळेलच असं नाही, ट्रान्सक्रिप्ट मिळते, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा कागद. नववी आणि दहावी दोन्हीची सही-शिक्क्यानिशी मागून घ्यायला सांगा. उन्हाळ्यात शाळा बंद झाली की इथून ईमेल करत बसावं लागतं. शिवाय धाकट्याच्या जन्मदाखल्यावर तिथल्या राज्य सरकारकडून अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा शिक्का, करून आणा. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे तो कागद इथे चालतो.

ती दहावी संपवून येतेय हे नशीब समजा. सीबीएसईला नववीत आणि अकरावीत नोंदणी होते. दहावीत किंवा बारावीत मध्येच शिरायला फार त्रास आहे. पण सीबीएसईची अकरावी एप्रिलमध्येच सुरू होते, ती जुलैत येणार. आपल्या राज्य मंडळाची अकरावी त्या मानाने उशिरा सुरू होते. २०२५-२६ पासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, तेव्हा फॉर्मच्या तारखांवर लक्ष ठेवा. परदेशातून आलेल्या मुलीला कुठले कागद लागतात ते कॉलेजात आणि कोल्हापूरच्या विभागीय मंडळात आत्ताच विचारून या. सांगली त्यांच्याकडेच येते.

अभ्यासाचं एक मात्र आधीपासून मनात धरा. तिथल्या बऱ्याच शाळांत एका वर्षी जीवशास्त्र, पुढच्या वर्षी रसायनशास्त्र आणि अकरावीला भौतिकशास्त्र असतं. आपल्याकडे सगळं एकदम. म्हणजे तिने भौतिकशास्त्राचा नीट अभ्यास केलेलाच नसेल आणि इथे पहिल्या दिवशी व्हेक्टर समोर येतील. हुशार मुलगी पहिल्या चाचणीत नापास होते आणि तिला वाटतं आपण मठ्ठ आहोत. माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी आखातातून आलेला मुलगा होता, त्याचं असंच झालं. शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागला. मला उशिरा कळलं, त्याची अजून रुखरुख आहे. तुमच्या नातीला जुलैत रोज तासभर मी बसवेन. फीचा विषय काढू नका.

बी-४०२ काकू, रात्री ९.४४
तुझे उपकार कसे फेडू गं. आणि धाकटा तिथलाच नागरिक आहे, नऊ वर्षांचा. त्याचं काही अडेल का?

ए-२०३ ताई, रात्री ९.५०
त्याचं ओसीआय कार्ड असेल ना, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते? ते कधीचं आहे ते बघा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय मुलांना नीट, जेईईसारख्या परीक्षांनंतर फक्त एनआरआय जागा किंवा जादा जागा मिळतात. पण सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की ज्यांची कार्डं त्या तारखेच्या आधीची आहेत, त्यांना हे लागू नाही. तेव्हा कार्डावरची तारीख महत्त्वाची.

बी-४०२ काकू, रात्री ९.५८
सूनबाईंना विचारलं. २०१८ चं आहे. देव पावला.

ह्या पासपोर्टांवरूनच तर घरात रडारड झाली. दोन्ही निळेच आहेत. धाकट्याच्या पासपोर्टवर गरुड, तिच्यावर सिंह. बॅगा भरताना ते दोन शेजारी शेजारी ठेवलेले होते. तिने उचलून बघितले आणि आईला म्हणाली, "हा अठराचा झाला की परत जाऊ शकतो. मी नाही." सूनबाई गप्प. तशी तिथे राहिली असती तरी एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसावरून तिचं नाव उतरलंच असतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत एका देशाला ७ टक्क्यांचीच मर्यादा, आणि आपल्या माणसांची रांग हलत नाही. थोरला अकरा वर्षं त्या रांगेत होता. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी थोरल्याला रागावले. म्हटलं, लपवलंस ते चुकलंस. आता तरी सगळं सांग, ती लहान नाही.

बी-३०१, रात्री १०.०४
काकू, माझी अ‍ॅक्टिव्हा दिवसभर घरीच असते. तिला फिरायला घेऊन जाऊ दे बिनधास्त.

सेक्रेटरी, रात्री १०.०६
अजिबात नाही. १८ पूर्ण नसताना गाडी दिली तर मालकाला आणि पालकाला २५ हजार दंड आहे, तुरुंगवासही आहे. सगळ्यांनीच लक्षात घ्या, आपल्या पार्किंगमधून दहावीची मुलं गाड्या काढतात.

बी-४०२ काकू, रात्री १०.१०
तेही दुःख आहेच. तिथे सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. ऑगस्टची वाट बघत होती, पुस्तक पाठ करून झालं होतं. इथे येऊन अजून दोन वर्षं. आम्ही सायकल घेणार आहोत. सांगली सपाट आहे, कॉलेजला सायकलने जाता येईल. कुठेतरी एकटीने जाता यावं एवढंच तिला हवंय.

बी-२०४, रात्री १०.१७
आजी, मी बी-२०४ ची मुलगी, बारावीतली. आईच्या फोनवरून लिहितेय. एक सांगू का? तिच्या मैत्रिणींची शाळा सुटते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. सध्या साडेनऊ तासांचा फरक आहे. माझी मामेबहीण तिकडे असते म्हणून मला माहितीये. म्हणजे त्यांची शाळा सुरू झाली की ती रात्री जागणार आणि सकाळी उठणार नाही. तेव्हा प्लीज कुणी तिला आळशी म्हणू नका. तिच्या सगळ्या मैत्रिणी त्या एकाच वेळेला भेटतात.

आणि "मराठी बोलून दाखव" असं कुणी म्हणू नका. आणि "इंडिया आवडली का" हे पण नको. माझी बहीण दर वेळी ह्या दोन प्रश्नांमुळे खोलीत जाऊन बसते.

ए-४०१ काका, रात्री १०.२२
मी नक्की विचारलं असतं. बरं झालं सांगितलंस बाळ.

बी-४०२ काकू, रात्री १०.२५
तुझा नंबर तिला देऊ का गं? आईला विचार आधी.

बी-२०४, रात्री १०.२६
आई हो म्हणतेय. मीच मेसेज करते. तिला काय आवडतं?

बी-४०२ काकू, रात्री १०.३३
ती चेलो वाजवते. मला आधी माहीतच नव्हतं काय असतं ते. व्हायोलिनसारखाच, पण खूप मोठा, जमिनीवर टेकवून बसून वाजवतात. शाळेच्या वाद्यवृंदात चार वर्षं वाजवतेय. पण वाद्य शाळेचं आहे, शेवटच्या दिवशी परत द्यायचं. परवा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता त्याच्या पेटीवर चिकटवलेले स्टिकर नखाने एकेक काढत होती. एक निघालाच नाही, तर ओलं फडकं आणून घासत बसली. माझ्याशी बोलत होती, पण लक्ष सगळं तिथे. जाताना एवढंच विचारलं, "सांगलीत चेलो आहे का?" मी म्हटलं, चौकशी करते. आज पाच दिवस झाले, कुणाला विचारायचं तेच कळेना.

ए-१०२ भाऊ, रात्री १०.४१
वहिनी, मला का नाही विचारलंत! मी मिरजेचा. चेलो आमच्याकडे बनत नाही, पण सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे करणारे हात आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घोडी बसवणं, खुंटी घट्ट करणं, लाकडाला तडा गेला तर जोडणं, हे त्यांना सांगावं लागत नाही. वाद्य तिथूनच आणा, जुनं का असेना. दुरुस्तीचं मी बघतो. शिकवायला इथे चेलोचा गुरू मिळणं अवघड, ते मात्र ऑनलाइन करावं लागेल.

बी-४०२ काकू, रात्री १०.५२
थोरल्याला आत्ताच फोन केला. म्हणाला, आई, वापरलेला मिळेल, पण विमानात त्याला वेगळी सीट घ्यावी लागते, नाहीतर टणक पेटीत घालून सामानात टाकायचा. म्हटलं, भांडी आणू नकोस, मिक्सर आणू नकोस, टीव्ही विकून टाक. हे आण. थोडा वेळ काही बोललाच नाही, मग हो म्हणाला.

सी-१०१ आबा, रात्री १०.५५
लई बेस केलंसा.

ए-१०२ भाऊ, रात्री ११.०२
जुलैत येणार म्हणजे ऐन पावसात. लाकूड ओल धरतं. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पश्चिमेच्या तर नाहीच. आतल्या भिंतीला ठेवा.

बी-४०२ काकू, रात्री ११.२०
ह्यांनी आणि वॉचमनदादांनी मिळून हॉलमधलं शोकेस सरकवलं. आतल्या भिंतीला चार फूट जागा झालीये. पुरेल का?

ए-१०२ भाऊ, रात्री ११.२३
पुरेल. आणि बिनहातांची एक खुर्ची लागेल. हात असले की वाजवायचा गज अडतो. माझ्याकडे आहे, सकाळी पाणी यायच्या आत वर आणून ठेवतो.