मदत हवी आहे: ऊसतोड मजुरांचं रेशन अंगठ्यापायी अडलंय

नमस्कार. निपाणी भागात आमच्या गावाबाहेर बीडकडच्या ऊसतोडकऱ्यांच्या १४ कोप्या पडल्यात. आम्ही चौघीजणी घरोघरी फिरून मूठमूठ जोंधळे-तांदूळ गोळा करून देतो. ते चार दिवसांत संपतं. खरं तर त्यांना आमच्या दारचं का लागावं? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिना ५ किलो त्यांच्या हक्काचं आहे, आणि ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे ते कर्नाटकातही उचलता येतं.

अडलंय ते अंगठ्यावर. पाचटानं आणि कोयत्यानं बोटांच्या रेघाच झिजल्यात. परवा एका मावशीनं पदरानं हात पुसपुसून सात वेळा अंगठा लावला, मशीननं घेतलाच नाही. रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि निघाल्या.

दोन दुकानं झाली, कोमट पाण्यानं हात धुऊन दहाही बोटं लावून झाली. १४४४५ या रेशनच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. कार्डं प्राधान्य कुटुंबाची, म्हणजे या कायद्यात बसणारी आहेत, आधार जोडलेलं आहे, ई-केवायसी गावीच झालंय, आणि या महिन्याचं धान्य गावाकडं कुणी उचललेलं नाही. गावी जाऊन येणं शक्य नाही, एक दिवसाची मजुरी बुडते. कन्नड त्यांना येत नाही, आम्हालाही अर्ज लिहिण्याइतकी येत नाही.

परराज्यातल्या कार्डाला इथं डोळ्यांचा स्कॅन किंवा मोबाइलवरचा ओटीपी चालतो का? बेळगाव जिल्ह्यात कुणी असं धान्य मिळवून दिलंय का, आणि त्यासाठी दिलेल्या कन्नड अर्जाचा नमुना मिळेल का?