गाळातील मँगनीजचा वरचा थर अलीकडचा मानावा का?

प्रश्न (कराडहून)

नमस्कार. मी भूगोल शिकवतो. आमच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने खोल समुद्रातील गाळाच्या कोअरचा (तळात नळी खुपसून काढलेल्या उभ्या नमुन्याचा) आलेख वर्गात मांडला. त्यात पृष्ठभागाखाली काही सेंटीमीटरांवर मँगनीजचे प्रमाण एकदम वाढलेले दिसते आणि त्याखाली ते झपाट्याने उतरते. वरचा थर नवा, खालचा जुना, या नियमाने तिने असे अनुमान काढले की अलीकडे समुद्रात मँगनीज जास्त येऊ लागले असावे. मला ते पटले नाही, पण कारण नेमके सांगता आले नाही. आपली कृष्णा जे लोह वाहून नेते ते थेट तिथपर्यंत पोचते का, असेही तिने विचारले आहे.

उत्तर १ (मिरजेहून)

सर, आपली शंका रास्त आहे. माझ्या शेतातल्या बोअरचे पाणी कळशीत घेतले की काचेसारखे स्वच्छ दिसते, पण रात्रभर ठेवले तर सकाळी तळाशी तांबूस साका बसलेला असतो. जमिनीत हवा नसताना लोह विरघळलेले राहते आणि हवा लागताच ते गंजाच्या रूपाने खाली बसते. समुद्रतळाच्या गाळात मँगनीजचे हेच होते. गाळात पडलेले सेंद्रिय द्रव्य खाताना जिवाणू आधी ऑक्सिजन वापरतात, तो संपल्यावर नायट्रेट, मग मँगनीज ऑक्साइड, त्यानंतर लोह ऑक्साइड आणि शेवटी सल्फेट. मँगनीज ऑक्साइडची पाळी आली की त्यातला मँगनीज विरघळतो, कणांमधल्या पाण्यातून हळूहळू वर सरकतो आणि ऑक्सिजन असलेल्या थरात पोचताच पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे वरची वाढ ही बहुतांशी खालच्या, जुन्या गाळातून आलेल्या मँगनीजची असू शकते. गाळाची भर पडत राहते तशी ऑक्सिजन असलेल्या थराची खालची सीमाही वर सरकते आणि मागे राहिलेले ऑक्साइड पुन्हा विरघळते.

कृष्णेचे म्हणाल तर ती बंगालच्या उपसागराला मिळते आणि नदीच्या पाण्यातील लोहाचे अतिसूक्ष्म कण खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच एकमेकांना चिकटून मुखाजवळच बसू लागतात. खोल तळापर्यंत त्याचा फारच थोडा भाग जातो.

उत्तर २ (वाईहून)

मिरजेच्या उत्तरात एक भर घालतो, कारण त्याने विद्यार्थिनीचा आलेख तपासता येईल. युरेनियम उलट वागते. ते समुद्राच्या पाण्यात विरघळलेले असते आणि ऑक्सिजन नसलेल्या गाळात खाली झिरपून तिथे अडकते. मॉलिब्डेनमही सल्फाइड तयार होणाऱ्या गाळात साठते. म्हणून मँगनीजचा उंचवटा वर आणि युरेनियमची वाढ त्याखाली असेल, तर पुरवठा वाढला असे न म्हणता ऑक्सिजनची सीमा कुठे आहे ते आधी पाहावे. वाढ केवळ मातीचे प्रमाण बदलल्याने दिसते का हे कळण्यासाठी प्रत्येक धातूचे ॲल्युमिनियमशी गुणोत्तरही काढावे, कारण ॲल्युमिनियम प्रामुख्याने जमिनीवरच्या चिकणमातीतून येते आणि विरघळून फारसे हलत नाही.

हाच वर सरकणारा मँगनीज समुद्रतळावरच्या मँगनीजच्या गोट्यांना (धातूंचे थर साचून बनलेल्या खड्यांना) पोसणाऱ्या मार्गांपैकी एक आहे. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात भारताला 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी झालेल्या कराराने शोधासाठी 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले, ते याच गोट्यांसाठी. असा गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतो, तर भोवतीचा गाळ हजार वर्षांत तितका साठू शकतो, आणि तरीही गोटे पृष्ठभागावर राहतात, याचे मला अजून नवल वाटते. तळावरचे प्राणी त्यांना हलवत असावेत, हे त्याचे एक सुचवलेले कारण आहे.

प्रश्नकर्ता (कराडहून)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तिच्या तक्त्यात युरेनियम आणि ॲल्युमिनियमचे आकडे आहेत, ते आम्ही पाहिलेच नव्हते. उद्या दोन्ही आलेख खोलीच्या एकाच अक्षावर काढायला सांगतो, आणि बोअरच्या पाण्याची कळशीही वर्गात ठेवतो.