पोस्टाने माल पाठवणारे म्हणे 'हौशी' विक्रेते!

बियाणेवाला (धागाकर्ता)

परवा विक्रेत्यांच्या एका ग्रुपवर 'तांबटआळी' या सदस्याने लिहिलं: "आजच्या जमान्यात जो पोस्टाने माल पाठवतो तो विक्रेता नव्हे, हौशी. दारातून पिकअप, मोबाइलवर ट्रॅकिंग आणि कॅश ऑन डिलिव्हरी ज्याला जमत नाही त्याने दुकान गुंडाळावं." खाली अंगठ्यांची ही रांग. मी उत्तर दिलं तर ॲडमिनने 'वाद नकोत' म्हणून उडवलं. म्हणून इथे लिहितोय, सविस्तर.

मी गावरान बियाणं विकतो. माझं गिऱ्हाईक बाणेरला राहत नाही. ते अक्कलकुव्याच्या पलीकडे एखाद्या पाड्यावर असतं, भामरागडला असतं, नाहीतर कोकणात अशा वाडीवर, जिथे चारचाकी साकवापाशीच थांबते. कुरिअरच्या पॅनलवर त्यांचा पिनकोड टाकला की एकतर 'सेवा उपलब्ध नाही', नाहीतर 'ओडीए', म्हणजे वाटपाच्या हद्दीबाहेरचा पत्ता, म्हणून वरचे पैसे. ते भरूनही शेवटी गिऱ्हाइकाला फोन जातो, "तालुक्याला आलात की घेऊन जा." ₹60 च्या बियाण्यासाठी त्याने एसटीला जाऊन-येऊन भाडं घालायचं का? डाकसेवक वाडीवर जातो. उशिरा जातो, पण जातो.

आणि पोस्टाने पाठवायलाही अक्कल लागते. पुड्या पाकिटात सपाट पसरायच्या, एकीवर एक येऊ द्यायची नाही, वर पुठ्ठा घालायचा. नाहीतर काउंटरवर शिक्का हाणला की वालाच्या दाण्यांची डाळ होते. पत्त्यावर आडवी सेलोटेप, कारण पावसाळ्यात शाई फुटते आणि 'पाटील' सोडून काही वाचता येत नाही.

पोस्टावर माझाही राग आहे. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. आधी हलकं रजिस्टर पाकीट कर धरून ₹25.96 ला सुटायचं. 1 ऑक्टोबरपासून परगावी 50 ग्रॅमपर्यंत ₹47 अधिक जीएसटी, म्हणजे ₹55.46. बी ₹60 चं आणि टपाल ₹55 चं! तरीही दुकान गुंडाळणार नाही. बोला.

तांबटआळी

वा, माझ्या नावाने धागाच निघाला. धन्यवाद.

तुमचा माल पाकिटात मावतो, म्हणून पोस्टाचं कौतुक सुचतं. मी तांब्या-पितळेची भांडी विकतो. पोस्टात गेलो की आधी रांग, मग 'सर्व्हर डाऊन', मग 'खोक्याला शिलाई का नाही?' कुरिअरचा पोरगा संध्याकाळी दारात येतो, लेबल घरीच छापलेलं असतं, विषय संपला. माझ्या वेळेला किंमत आहे की नाही?

आणि हरवलं तर? स्पीड पोस्टाची भरपाई म्हणजे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा ₹1000, यातलं जे कमी असेल ते. ₹6000 ची समई गहाळ झाली तर मी त्या दोन-चारशे रुपयांत काय वाती घेऊ?

कोर्टकचेरी

समईवाले साहेब, कुरिअरच्या पावतीमागचा बारीक मजकूर वाचलात का कधी? कमाल जबाबदारीचा आकडा तिथेही छापलेला असतो, बहुधा वाचून हसू येईल इतका. 1996 साली भारती निटिंग कंपनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. कुरिअरने पाठवलेली मालाची कागदपत्रं पोचली नाहीत म्हणून कंपनीचं मोठं नुकसान झालं, पण सही केलेल्या कागदावर 100 डॉलरची मर्यादा होती आणि न्यायालयाने तीच धरली. पोस्टाला तर कायद्यानेच कवच आहे, 1898 च्या कायद्यात होतं आणि 2023 च्या नव्या कायद्यातही राहिलं. थोडक्यात, दोन्हीकडे तुम्ही उघडेच. किमती माल असेल तर विमा काढा, इकडेही आणि तिकडेही.

तांबटआळी

बरं, भरपाईचा मुद्दा सोडला. बाकीचे मुद्दे शाबूत आहेत.

येवल्याची ताई

शाबूत कसले भाऊ? तुमच्या खोक्यांना व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे खोक्याच्या आकारावरून धरलेलं वजन लागत नाही का? लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000. कळशीसाठी सगळीकडून 30 सेंटिमीटरचं खोकं घेतलं तर 5.4 किलोचं बिल, आत कळशी दीड किलोची! म्हणजे तुम्ही हवेचं भाडं भरता आणि वर आम्हाला हौशी म्हणता.

मी साड्या विकते. दोन्हीने पाठवते. शहरात कुरिअर, खेड्यात पोस्ट. पण कॅश ऑन डिलिव्हरीचं नाव माझ्यासमोर काढू नका. बायका रात्री बारा वाजता मागवतात, सकाळी नवऱ्याने डोळे वटारले की फोन बंद. पार्सल फिरून परत येतं, जाण्याचं भाडं माझं आणि येण्याचंही माझंच. एकदा साडी 'रंग वेगळा' म्हणून परत आली. खोकं माझंच, टेप मात्र निराळी. उघडलं तर आत गोणपाटाची घडी, वजन बरोब्बर जुळवलेलं. कुरिअर कंपनी म्हणते खोकं सीलबंद होतं, गिऱ्हाईक म्हणतं साडीच परत केली. दाद मागायची कुणाकडे? त्या दिवसापासून आधी पैसे, मग साडी. विक्री घटली, झोप वाढली.

आमचा पोस्टमन निदान ओळखीचा आहे. दाराला कुलूप असेल तर शेजारच्या काकूंकडे ठेवतो. दिवाळीला हक्काने पोस्त मागतो, आम्ही देतो.

कोथरूडचा कोपरा

पोस्त?? सरकारी पगार घेणाऱ्याने दारोदार पैसे मागायचे, याला लाच म्हणतात ताई. आमच्याकडचा तर पासपोर्टचं पाकीट हातात द्यायच्या आधी 'साहेब, चहापाणी' म्हणाला होता. मी तक्रार केली. असल्यांना तुम्ही लाडावून ठेवलंय.

येवल्याची ताई

पासपोर्ट अडवून मागणं वेगळं आणि वर्षभर उन्हात फिरणाऱ्याच्या हातावर सणाला चिवड्याचा पुडा आणि शंभराची नोट ठेवणं वेगळं. एवढा फरक कळत नसेल तर असो.

कोथरूडचा कोपरा

नियम सगळ्यांना सारखे. सणाचं नाव दिलं म्हणून लाच गोड होत नाही.

डाकसेवकाचा मुलगा

कोपऱ्यातल्या साहेबांसाठी. 'सरकारी पगार' म्हणताय तो माहीत आहे का? माझे वडील ग्रामीण डाकसेवक आहेत. 2018 च्या सुधारणेनुसार 4 तासांच्या कामाला ₹10,000 आणि 5 तासांच्या कामाला ₹12,000 पासून सुरुवात, वर महागाई भत्ता. कागदावर चार तास. थैली उशिरा आली की चारचे सहा होतात, ते कोण मोजतो? नियमित कर्मचारी धरत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासारखी पेन्शन नाही. ओढ्याला पाणी आलं की सायकल अलीकडे ठेवून, थैली डोक्यावर घेऊन पलीकडे जातात. धागाकर्त्याचं वांग्याचं बी असंच पोचतं. पोस्त ते मागत नाहीत. कुणी तांदूळ दिले तर घेतात. करा तक्रार.

कोथरूडचा कोपरा

तुमच्या वडिलांबद्दल बोललो नव्हतो. भावनिक ब्लॅकमेल नको. पगार कमी असेल तर सरकारशी भांडा, गिऱ्हाइकाच्या खिशात हात का?

दोनचाकी

इतका वेळ नुसता वाचत होतो. आता लिहितोच. मी कुरिअर वाटतो. आम्हाला सण नाही, पोस्त नाही, महिन्याचा पगारही नाही. पार्सलमागे पैसे, तेही हातात पडलं तरच. पेट्रोल आपलं, गाडी आपली, मोबाइलचा डेटा आपला. पाचव्या मजल्यावर लिफ्ट बंद, वर गेलो की "सुट्टे नाहीत, उद्या या." उद्या त्याच पार्सलचे परत पैसे मिळत नाहीत.

तुम्ही लोक ओरडता ना, 'घरी होतो तरी ग्राहक उपलब्ध नाही असा मेसेज आला'? हो, मारतो तसा शेरा. रात्री नऊला पिशवीत वीस पार्सलं उरली असतील आणि ॲप पुढचा पत्ता दाखवतच नसेल तर काय करू? पत्ता काय लिहिता तुम्ही: 'मारुती मंदिरामागे, पिवळ्या बंगल्याशेजारी.' या शहरात मारुती किती आणि मंदिरं किती!

सॉर्टर (निवृत्त)

दोनचाकी, तुझं म्हणणं रास्त आहे बाळा. पण म्हणूनच सांगतो, बीट, म्हणजे वाटपाचा भाग, ठरलेली असली पाहिजे. एकच माणूस वर्षानुवर्षं त्याच गल्लीत फिरला की पिवळा बंगला रंगवून निळा केला तरी त्याला सापडतो. तुमच्याकडे माणूस दर दोन महिन्यांनी बदलतो.

मी रेल्वे मेलमध्ये नोकरी केली. कप्प्यांच्या चौकटीसमोर उभं राहून रात्रभर पत्रं टाकली आहेत, गाडी हलत असताना. तांबटआळीकरांनी हेही ऐकावं: तुमच्या कुरिअरच्या पॅनलवर पार्सल कुठल्या रकान्याने चालतं? पिनकोडने. तो पोस्टाने आणला, 15 ऑगस्ट 1972 ला, आणि त्यामागे आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतात काव्य करणारा माणूस. ज्यांना तो आयता मिळाला तेच तो वापरून आम्हाला सांगतात, 'या पिनकोडला सेवा नाही.'

तांबटआळी

काका, आदर आहे. पण 1972 च्या पुण्याईवर 2025 नंतरचं गिऱ्हाईक थांबत नाही. 2025 ला राखीच्या दिवसांत पोस्टाने नवी संगणक प्रणाली आणली, 4 ऑगस्टला म्हणे देशभर पूर्ण झाली, आणि 9 तारखेला राखीपौर्णिमा! मुहूर्त कुणी काढला होता? माझ्या बहिणीची राखी भाऊबीजेला पोचली नाही एवढंच नशीब.

सॉर्टर (निवृत्त)

मुहूर्त चुकीचा होता. हे मी पोस्टाच्या बाजूचा असून सांगतो. प्रणाली मात्र आणायलाच हवी होती.

डोंबिवलीचा फराळ

राखीचं काय घेऊन बसलात! मी चकल्या-अनारसे परदेशी पाठवते. अमेरिकेने जकातीची सवलत काढली आणि 25 ऑगस्ट 2025 पासून तिकडचं बहुतेक टपाल थांबलं. सुरू झालं 15 ऑक्टोबरला. दिवाळी 20-21 ला! पोस्टाच्या भरवशावर राहिले असते तर न्यू जर्सीतल्या लेकरांनी तुळशीच्या लग्नाला लाडू खाल्ले असते. खाजगी कुरिअरने पाठवलं, जकात आणि हाताळणीचे पैसे वेगळे मोजले, आणि लोकांनी ते दिले. तेव्हा 'पोस्ट पोचतंच' हे भामरागडपुरतं ठीक आहे.

जुनी पुस्तकं

माझ्या दुखण्याकडे कुणी बघेल का? डिसेंबर 2024 मध्ये पुस्तकांची स्वस्त रजिस्टर सेवा एका फटक्यात बंद केली. आरडाओरडा झाल्यावर 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट': 300 ग्रॅमपर्यंत ₹20, 5 किलोला ₹100, कर वेगळा. दर चांगला आहे, नाकारत नाही. पण नियम असा की नियतकालिक नको आणि जाहिराती नकोत. आता मला सांगा, जाहिराती नसलेला दिवाळी अंक कुणी पाहिलाय? म्हणजे जुने दिवाळी अंक ज्ञानात बसत नाहीत. काउंटरवरच्या बाईंनी पान उलटलं, सराफाची पानभर जाहिरात निघाली, बोटाने दाखवली आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. 1974 च्या अंकातल्या जाहिरातीने आज कोण सोनं घेणार आहे?

कोथरूडचा कोपरा

नियम सगळ्यांना सारखे.

जुनी पुस्तकं

तुम्हाला एकच वाक्य येतं का हो?

संपादक मंडळ

पोस्त, लाच आणि एकमेकांचे वडील यांवरचे काही प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. मूळ विषयावर या.

बियाणेवाला (धागाकर्ता)

मूळ विषय असा: तांबटआळींनी 'हौशी' हा शब्द मागे घेतला का?

तांबटआळी

बियाण्यापुरता घेतो. खेड्यात पोस्टच जातं, मान्य. व्हॉल्युमेट्रिकचा हिशोबही ताईंचा बरोबर आहे, आता कळशीत तांबे आणि तांब्यात फुलपात्री घालून सेट विकतो, हवा कमी होते. पण पाच किलोच्या वर, किमती आणि शहरातलं असेल तर कुरिअरच. आणि कॅश ऑन डिलिव्हरी मी बंद करणार नाही. अनोळखी दुकानाला आधी पैसे कोण देतो?

येवल्याची ताई

मला देतात.

तांबटआळी

तुमचं येवलं आहे ताई, नावावर खपतं.

सॉर्टर (निवृत्त)

आगाऊ पैसे न देता माल मागवायची सोय पोस्टाच्या व्हीपीने, म्हणजे दारात पैसे भरून पार्सल सोडवायच्या सेवेने, 1877 पासूनच होती. तेव्हाही लोक दारात पार्सल नाकारायचेच. परत आलेल्या व्हीपींचा ढीग मी स्वतः लावलेला आहे.

बियाणेवाला (धागाकर्ता)

मी एक करून बघतोय. ऑर्डरच्या वेळीच विचारतो: पोस्ट की कुरिअर? दोन्हीचा खरा खर्च समोर लिहिलेला. ज्याला जे हवं ते त्याने निवडावं. शहरातलेही बरेच पोस्ट निवडतात, स्वस्त पडतं म्हणून.

दोनचाकी

आणि निवडून झाल्यावर उशीर झाला की शिव्या कुणाला?

बियाणेवाला (धागाकर्ता)

मलाच. पण पेरणीच्या आधी पोचलं तर शिव्या थोड्या कमी.