क्लास न लावता मेंदी आणि रंगीत पेन्सिल
ताई, तुम्ही विचारलंत की क्लास न लावता मुलीला मेंदी आणि रंगीत पेन्सिल दोन्ही जमेल का. जमेल हो, मी तशीच शिकले. राजस्थानातल्या सोजतची मेंदी पावडर आणा, पातळ कपड्यातून चाळा, लिंबाचा रस, साखर आणि थोडं निलगिरीचं तेल घालून रात्रभर भिजवा, कोनही घरीच वळा. रंग आधी केशरी दिसेल, घाबरू नका, हवा लागून 48 तासांत तपकिरी गडद होतो, फक्त पहिला दिवस पाणी टाळायचं. पण ती झटपट काळी होणारी मेंदी मात्र अजिबात नको, त्यात बऱ्याचदा पीपीडी, म्हणजे केसांच्या काळ्या डायमधलं रसायन असतं, माझ्या मावसबहिणीच्या मनगटावर पूर्ण वेलीच्या आकाराचे फोड उठले होते, बघवत नव्हतं.

पेन्सिलला हात हलका पाहिजे, फिकटापासून गडदाकडे थर चढवत जायचं, सुरुवातीलाच दाबून घासलं की कागदाचा खरखरीतपणा जातो आणि वर दुसरा रंग धरतच नाही. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. हे मला मेंदीनेच शिकवलं, कारण तिथेही नक्षी उठून दिसते ती मोकळ्या सोडलेल्या जागेमुळेच! सध्या आईचा मेंदी भरलेला हात काढतेय, तळव्याच्या सुरकुत्यांनाच तीन संध्याकाळी गेल्या.