‘लष्कराने निवडलेली’ रायफल: गिऱ्हाईक नक्की काय विकत घेतं?

शंकासूर
फेब्रुवारी 2019 मध्ये भारताने सिग सॉअर या बंदूक कंपनीकडून 72,400 सिग 716 रायफली घेतल्या. भूदलाला 66,400, हवाई दलाला 4,000, नौदलाला 2,000. तिचं नागरी भावंड अमेरिकेत ‘716आय ट्रेड’ म्हणून विकतात, आणि ‘ही इंडियन आर्मीने घेतली’ हे तिकडच्या बंदूकशौकिनांत कौतुकाने सांगतात. माझं मत: या कौतुकापायी कुणी जास्त पैसे मोजत असेल तर ते पाण्यात. आपली ती खरेदी फास्ट ट्रॅक, त्यातून एल-1. अटींत बसणाऱ्यांत जो स्वस्त, त्याची ऑर्डर. यातून ‘सर्वोत्तम’ कुठे सिद्ध झालं?

दुसरं, नागरी आवृत्ती ‘तीच’ नसते. अमेरिकी सैन्याच्या एम4 रायफलीची बॅरल (नळी) 14.5 इंची. 1934 च्या कायद्याने 16 इंचांखालची रायफल केंद्राकडे नोंदवावी लागते, म्हणून दुकानातली 16 इंची, नाहीतर लांबी भरायला पुढे फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडाशी ज्वाळ झाकणारा तुकडा) पिन मारून वेल्ड केलेला. 1986 नंतर बनलेली ऑटोमॅटिक तर नागरिकाला मिळतच नाही. सिलेक्टर, म्हणजे गोळीबाराचा प्रकार निवडायचा खटका, फिरवून बघा: सेफ आणि फायर, बस. तिसरं, ऑटोचं घर नाही.

निवृत्त सुभेदार
असहमत. एल-1 म्हणजे भंगार, हा सिव्हिलियन समज आहे. तांत्रिक कसोटीत पास झाल्याशिवाय किमतीचं पाकीट उघडत नाहीत. शिवाय 2024 मध्ये लष्कराने याच रायफली आणखी 73,000 घेतल्या, 837 कोटींना. न पटलेली वस्तू कुणी दुसऱ्यांदा मागवत नाही.

आणि ऑटोचं एवढं काय? जवानाला ‘सिंगल शॉट, नेम धरून’ हेच शिकवतात. बर्स्टवर टाकून मॅगझिन रिकामं करणारे सिनेमात.

डॅलसकर
सुभेदारसाहेबांशी सहमत. इथे रेंजवर नेमाने जातो. ‘मिल-स्पेक’ (लष्करी निकषांचं) हा शब्द हल्ली टोपीवरसुद्धा छापतात, मान्य. पण कोल्टच्या नागरी रायफलीच्या बॅरलवर ‘एमपी’ ठोकलेलं असतं. म्हणजे जादा दाबाचं काडतूस उडवून मग चुंबकीय तपासणीत बारीक तडा शोधलेला. बोल्टही ठरलेल्या कारपेंटर 158 पोलादाचा. हे लष्करी कंत्राटामुळेच सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आलं. ऑटो सिअर (ऑटोमॅटिक गोळीबाराचा सुटा भाग) नसला म्हणून पोलाद बदलत नाही.

शंकासूर
पोलादाबद्दल वाद नाही. मग पोलादाचं नाव सांगून विका ना, सैनिकाचं पोस्टर कशाला?

आता हे ऐका. पिस्तूल आहे, रायफल नाही, पण कंपनी तीच. जानेवारी 2017 मध्ये सिगच्या पी320 ला अमेरिकी भूदलाचं कंत्राट मिळालं, 58 कोटी डॉलरपर्यंतचं, नाव एम17. लष्करी चाचणीत आढळलं की पिस्तूल खाली पडलं तर गोळी सुटू शकते. कंपनीने चापाचे भाग हलके करून एम17 दुरुस्त केलं. नागरी पी320 साठी ‘ऐच्छिक अपग्रेड’ ऑगस्ट 2017 मध्ये जाहीर झालं, आणि त्यातच म्हटलं की एम17 ला याची गरज नाही! म्हणजे ‘लष्कराने पारखलेलं’ समजून ज्याने त्या उन्हाळ्यात दुकानातून घेतलं, त्याच्या कमरेला न पारखलेले भाग. सुभेदारसाहेब, पाकीट उघडण्याआधीची कसोटी ही अशी असते. तिचा फायदा ज्याच्या करारात, त्याला.

वकीलबाई
तुम्ही सगळे दर्जावर भांडताय. मला भाषेची जास्त काळजी वाटते. 2012 च्या अमेरिकेतल्या सँडी हुक शाळेतल्या हत्याकांडात बुशमास्टर कंपनीची एआर, म्हणजे एम4 च्या घडणीची नागरी रायफल, वापरली गेली. 2005 च्या कायद्याने बंदूक कंपन्यांना खटल्यांपासून मोठं संरक्षण आहे, तरी कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये एक दार उघडं ठेवलं: जाहिरात. लष्करी थाटाची, मर्दानगीला डिवचणारी. 2022 मध्ये बुशमास्टरची मालक असलेल्या रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी 7 कोटी 30 लाख डॉलरवर तडजोड केली.

डॅलसकर
तडजोड म्हणजे निकाल नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. रेमिंग्टन तेव्हा दिवाळखोरीत होती, पैसे विमेकऱ्यांनी दिले. जाहिरात बघून गोळीबार करणारा तो मुलगा तिकडे वळला हे कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही.

वकीलबाई
बरोबर, झालं नाही. पण जाहिरात परिणाम करतच नसेल तर कंपन्या तिच्यावर खर्च का करतात, हेही सांगा.

खडकीवाला
आपल्याकडे उलटी गंमत. 7.62 नाटो हे लष्करी काडतूस नागरिकाला निषिद्ध बोअर, म्हणजे त्या मापाची बंदूक सामान्य परवान्यावर मिळत नाही. इंग्रजांच्या काळापासून .303 लष्करी म्हणून बंद, म्हणून तशाच बनावटीची .315 काढली. आपली ऑर्डनन्स फॅक्टरी ती अजून ‘स्पोर्टिंग’ म्हणून विकते. इथे लष्कराशी नातं लपवायचं, तिथे मिरवायचं.

निवृत्त सुभेदार
.315 बरी आहे, तिची थट्टा नको. शंकासूर, पी320 चं तुम्ही सांगितलंत ते खरं. पण त्यावरून प्रत्येक कंपनीला एकाच माळेचे मणी ठरवू नका.

शंकासूर
ठरवत नाही. ट्रेड विकणाऱ्याने इतकंच लिहून द्यावं: आमच्या जवानाकडच्या रायफलीतले कुठले भाग हिच्यात जसेच्या तसे आहेत, कुठले नाहीत. एक पान पुरेल.