कारखाना कुणाचा: ऊस घालणाऱ्याचा की पैसा घालणाऱ्याचा?

बांधावरून
आमचा सहकारी साखर कारखाना कर्जात बुडाला, बँकेनं लिलावात काढला, एका कंपनीनं घेतला. परवा चुलतभाऊ म्हणाला, "काटा चोख, बिल वेळेवर. आता मालक कोण याच्याशी आपल्याला काय?" मला हे पटत नाही.

विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला सहकारी साखर कारखान्याचा जो पाया घातला, त्यात ऊस घालणाराच मालक होता. शेअर किती का असेनात, मत एकच. त्यामुळे साखरेला भाव आला की पैसा उसाच्या दरातून परत शेतातच यायचा. सरकारनं ठरवलेल्या किमान दराच्या वर दिलेले हे पैसे म्हणजे नफावाटपच, असं म्हणत आयकर खात्यानं कारखान्यांच्या मागे वर्षानुवर्षं तगादा लावला होता. २०२३ च्या अर्थसंकल्पात तो जुना वाद मिटवला, तेव्हा सुमारे १०,००० कोटींचा दिलासा सांगितला गेला. कंपनीत तोच पैसा भागधारकाकडे जातो. तिथं ऊस हा खर्च, आणि खर्च कमी करणं हे मालकाचं कामच.

शेतकी खात्यातला
मी बारा वर्षं एका सहकारी कारखान्यात नोकरी केली. तुमची मालकी सर्वसाधारण सभेत जवळून पाहिली आहे. विषय वाचून संपायच्या आत मांडवातून "मंजूर, मंजूर" सुरू. एकदा एका म्हाताऱ्या सभासदानं उभं राहून कर्जाचा आकडा विचारला. त्या हंगामात त्याची ऊसतोड एवढी लांबली की उसाला तुरे आले. तोडीची यादी माझ्याच टेबलावरून जायची, वरून आलेला निरोप मीच पाळला. आजही ते मनातून जात नाही. मालकानं चेअरमनला भ्यायचं, ही कसली मालकी?

शिवाय तोटा कुणाचाच नसतो. कर्ज राज्य बँकेचं, थकहमी सरकारची. त्या बँकेवर २०११ साली प्रशासक आले ते काय उगीच? खासगीवाल्याचा स्वतःचा पैसा अडकलेला असतो, तो मशिनरी बंद पडू देत नाही.

नदीकाठ
बिल वेळेवर देतात त्यात उपकार कसला? १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सहकारी आणि खासगी दोघांनाही सारखाच लागू आहे. आणि दोन्हीकडे थकवणारे आहेत.

आडसाली
दोघंही उसाचा स्वभाव विसरताय. सोयाबीन घरात ठेवता येतं. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. दीड वर्ष वाढवलेलं पीक जवळच्या कारखान्याच्या गव्हाणीतच न्यावं लागतं, म्हणून शेतकरी अडतो. त्यावर उपाय दोनच: कारखाना आपला असावा, नाहीतर शेजारी दुसरा असावा. आमच्याकडं झोनबंदी, म्हणजे ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, उठली आणि दोन कारखान्यांत उसाची ओढाओढ सुरू झाली, तेव्हा कुठं चेअरमन बांधावर आले. पण दोन कारखान्यांत २५ किलोमीटर अंतर हवं या अटीमुळं सगळीकडं दुसरा कारखाना मिळत नाही.

शेतकी खात्यातला
मग अट काढा. मताचा उपयोग पाच वर्षांतून एकदा, पण ऊस कुणाला घालायचा ही निवड प्रत्येक हंगामाला.

बांधावरून
अट काढा, मी सोबत आहे. म्हाताऱ्याचं जे झालं ते वाचून वाईट वाटलं, आणि तसं आमच्याकडं झालंच नाही असं म्हणणार नाही. पण त्याला उभं राहून विचारता आलं, कारण कायद्यानं ती सभा त्याची होती. संचालक चुकले तर सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली वसुलीची मागणी करायला सभासदाला जागा होती. नुकतंच मी नव्या कारखान्याच्या ऑफिसात विचारलं, इथेनॉलचे यंदा किती आले? कारकून भला माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "दादा, ते मालकांकडं असतं." वडिलांचा शेअर दाखला अजून ट्रंकेत आहे.